आधी चर, मग घर

बांधकामाची परवानगी 17 ऑगस्ट 2022 ला दुपारी ईमेलने आली. पहिली ओळ वाचून मी नवऱ्याला हाक मारली. पुढच्या दहा मिनिटांत आम्ही दोघं पाचव्या अटीपाशी येऊन थांबलो होतो.

थोडं मागचं सांगते. आम्ही इंग्लंडमध्ये सफक काउंटीतल्या एका लहान गावात राहतो. घर जुनं, दुमजली, जिना इतका उभा आणि अरुंद की चढताना दोन्ही हात भिंतीला टेकवावे लागतात. नवऱ्याचं मणक्याचं दुखणं वाढलं तसं त्याचं वर झोपायला जाणं बंद झालं. दीड वर्ष तो खालच्या खोलीत सोफ्यावरच झोपत होता. घराला लागून आमचीच सफरचंदाची जुनी बाग, आपल्या हिशेबाने नऊ गुंठे. तिथं एकमजली, बिनपायऱ्यांचं घर बांधायचं आम्ही ठरवलं. बागेच्या दक्षिणेला काटेरी झुडपांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे चर्चची दफनभूमी.

मे महिन्यात अर्ज केला, फी 462 पौंड. निर्णय आठ आठवड्यांत अपेक्षित असतो, आम्हाला चौदा लागले. पाचवी अट अशी होती: पुरातत्त्वीय तपासणीचा लेखी आराखडा मंजूर होऊन त्याप्रमाणे काम झाल्याशिवाय जागेवर बांधकामाला हात लावायचा नाही. सहावी तिच्याही पुढची: तपासणीचा अहवाल पुरा होऊन सापडलेल्या वस्तू जमा करायची व्यवस्था झाल्याशिवाय घरात राहायला जायचं नाही. ही सहावी अट पटकन लक्षात येत नाही. खड्डे बुजवले, काम संपलं असं वाटतं. पण अहवाल अडकला तर घर बांधून तयार असूनही कुलूप तसंच राहतं. तुमच्या परवानगीत अशी अट असेल तर अहवाल किती महिन्यांत देणार, हे दरपत्रकातच लिहून घ्या.

खर्च आमचाच. जो बांधणार त्यानेच तपासणीचा खर्च करायचा, ही पद्धत इंग्लंडमध्ये 1990 च्या शासकीय मार्गदर्शनापासून पक्की झाली आहे. सुरुवातीला मला हे अन्यायाचं वाटलं. आम्ही चर्चच्या आवारात कुठे बांधत होतो? स्वतःच्याच बागेत तर बांधत होतो.

त्या आठवड्यात काउंटी कौन्सिलच्या पुरातत्त्व विभागाला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अर्धा तास वेळ दिला आणि माझी समजूत बदलली. त्या म्हणाल्या, आज दिसतं ते कुंपण आजचं आहे. दफनभूमीच्या हद्दी शतकानुशतकं आत-बाहेर सरकत आल्या आहेत, त्यामुळे जुन्या कबरी पुष्कळदा कुंपणाबाहेर सापडतात. दुसरं असं, की या भागात पुष्कळ चर्चेस गावापासून दूर, शेतात एकटी उभी दिसतात. वस्ती आधी चर्चभोवतीच असायची. पुढे अकराव्या ते तेराव्या शतकाच्या दरम्यान लोक गायरानांच्या कडेला सरकले आणि चर्च जागच्या जागी राहिलं. त्यामुळे चर्चलगतचा रिकामा तुकडा म्हणजे बहुधा जुन्या गावाची जागा.

हे ऐकल्यावर मी शिरूरला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना फोन केला. आमच्या तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं 1968 ते 1983 पर्यंत एका प्राचीन वस्तीचं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं उत्खनन चाललं होतं. अण्णा तरुणपणी एका हंगामात तिथं रोजाने घमेली उचलायला जात. मी सगळं सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "अगं, म्हणजे तुमची बाग पांढरीत आहे."

ज्यांना हा शब्द ओळखीचा नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाच्या, जुन्या वस्तीच्या जमिनीला पांढरी. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती यांनी ती माती तशी होते. पांढरीत पाऊस पडून गेला की खापरं वर येतात. अण्णांच्या त्या एका वाक्याने मला सगळं प्रकरण समजलं, आणि खरं सांगते, थोडी भीतीही वाटली.

सप्टेंबरभर मी कागद जमवले. आज पुन्हा करायचं असेल तर हे काम मी जागा घेण्याच्याही आधी करीन, कारण त्याला पैसे पडत नाहीत. 'हेरिटेज गेटवे' या संकेतस्थळावर आसपास पूर्वी काय सापडलं त्याच्या नोंदी बघता येतात; सफकचं स्वतःचं 'सफक हेरिटेज एक्सप्लोरर'ही आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचे, नकाशे फुकट आहेत. त्याहून जुना टाइथ नकाशा (टाइथ म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा), म्हणजे 1836 च्या कायद्यानंतर गावोगावच्या जमिनींची मोजणी होऊन तयार झाला तो. त्यात आमच्या बागेचं नाव 'चर्च पाइटल' असं होतं. पाइटल म्हणजे कुंपण घातलेला लहानसा तुकडा, इकडच्या बोलीतला शब्द. त्या नकाशात दफनभूमीची हद्द आजच्यासारखी सरळ नव्हती, मधे आमच्या बाजूला फुगलेली होती. ते बघून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आमच्या घराचा दक्षिणेकडचा कोपरा नेमका त्या फुगवट्यावर आला होता.

तीन पुरातत्त्व संस्थांकडून दर मागवले: 2,850, 3,600 आणि 5,200 पौंड, सगळे व्हॅट सोडून. 'चार्टर्ड इन्स्टिट्यूट फॉर आर्किऑलॉजिस्ट्स'च्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची यादी मिळते, तिथूनच निवडल्या होत्या. नुसत्या आकड्यांवर जाऊ नका. सगळ्यात स्वस्त दरात खापरांच्या तज्ज्ञाची फी नव्हती आणि चर बुजवणंही नव्हतं. आम्ही मधला दर घेतला. त्यात खोदायच्या यंत्राचं भाडं नव्हतं. दोन दिवसांचे 640 पौंड वेगळे झाले.

लेखी आराखडा 3 ऑक्टोबरला काउंटीकडे गेला आणि 28 ला मंजूर झाला. जागेच्या पाच टक्के भागात चाचणीचे चर खणायचे होते. आमच्या 900 चौरस मीटरांचे 45 झाले, म्हणून 1.8 मीटर रुंदीचे दोन चर: एक 15 मीटर लांब, दुसरा 10. लांबडा घराच्या उत्तर बाजूला. आखूड घराच्या दक्षिण भागातून थेट कुंपणाच्या दिशेने.

काम 21 नोव्हेंबरला ठरलं होतं, पण पावसाने बागेचा नुसता राडा झाला होता आणि चिकणमातीत चर खणला की त्याचं टाकं होतं. तारीख पुढे गेली. अखेर 13 डिसेंबर, मंगळवार. त्या आठवड्यात इथं कडाक्याची थंडी होती, आदल्या दोन दिवसांत बर्फ पडला होता. सकाळी आठला पुरातत्त्वज्ञ बाई आणि त्यांचा तरुण सहकारी आले. यंत्रही आलं, पण त्याच्या तोंडाला दात्यांचं बकेट लावलेलं होतं. या कामाला सपाट धारेचं, बिनदात्यांचं रुंद बकेट लागतं. दात्यांनी माती ओरबाडली जाते आणि खालच्या खुणा पुसल्या जातात. दुसरं बकेट येईपर्यंत साडेअकरा वाजले, अर्धा दिवस गेला. यंत्र तुम्ही स्वतः भाड्याने घेणार असाल तर बकेटची रुंदी आणि 'बिनदात्यांचं' हे शब्द लेखी कळवा, आणि फाटकाची रुंदी आधी मोजून ठेवा.

मग मात्र काम बघत राहावं असं चालतं. बाई चराच्या तोंडाशी उभ्या, डोळे बकेटच्या धारेवर. यंत्र एका वेळी चार बोटं माती काढतं आणि थांबतं. वरची काळी माती एका बाजूला, तिच्याखालची तपकिरी दुसऱ्या बाजूला. ढीग वेगळे ठेवले तरच परत भरताना बाग बाग राहते. साधारण 65 सेंटिमीटरवर पिवळट, खडूच्या खड्यांची मूळ चिकणमाती लागली. तिथं यंत्राचं काम संपलं आणि हातांचं सुरू झालं.

लांबड्या चरात त्या पिवळ्या मातीवर एक काळपट पट्टा आडवा गेलेला होता, जवळजवळ दीड मीटर रुंद. आपल्याकडे पांढरी माती वस्ती सांगते, इथं काळी सांगते, एवढाच फरक. तो जुना खंदक होता, घराभोवतीच्या आवाराची हद्द दाखवणारा. दुसऱ्या दिवशी त्याचा मीटरभर भाग आडवा कापून खणला. त्यातून ऑयस्टरचे शिंपले निघाले, जनावरांची हाडं निघाली, आणि सात-आठ खापरं. बाईंनी एक माझ्या हातावर ठेवलं. राखाडी, खरखरीत, चाकावर घडवलेलं. त्यांनी सांगितलं, ही थेटफर्ड घडणीची भांडी, इंग्लंड जिंकणारे नॉर्मन लोक यायच्या आधीपासूनची, साधारण हजार वर्षांपूर्वीची. बाहेरच्या अंगाला काजळी होती. आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटांनी उठलेल्या कडा होत्या, आणि माझं बोट त्यातल्या एका खोबणीत नीट बसलं. आमच्या आजीकडे चुलीवरचं दुधाचं मडकं होतं, त्याला हात लावल्यासारखं वाटलं.

आखूड चराचं तोंड कुंपणाकडे होतं. दुपारी तीनच्या सुमाराला, उजेड जायला आला होता, तेव्हा त्या चराच्या शेवटच्या तीन मीटरांत दोन लांबट आकार दिसले, एकमेकांशेजारी, पूर्व-पश्चिम. बाईंनी यंत्र बंद करायला सांगितलं. स्वतः खाली उतरल्या, गुडघे टेकून टोकदार थापीने एका आकाराची पश्चिमेकडची कड हलक्या हाताने तासू लागल्या. पाचएक मिनिटांनी त्या थांबल्या. तिथं कवटीचा वरचा भाग होता, चहाच्या बशीएवढा, मातीच्याच रंगाचा.

मध्ययुगात इथं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला करून पुरत, बहुतेकांना नुसत्या वस्त्रात गुंडाळून. दिशा, खोली, मातीचा भराव बघून ही दफनं जुनी आहेत यात बाईंना शंका नव्हती. त्यांनी मला नियम समजावले. हाडं जागची हलवायची असतील तर 1857 च्या दफन कायद्याच्या 25 व्या कलमाखाली न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. जमीन अजून चर्चच्या अखत्यारीतली अभिमंत्रित जमीन असेल तर डायोसीसची, म्हणजे बिशपच्या प्रांताची, वेगळी परवानगी. पण चाचणीचा हेतू काय आहे ते समजून घेण्यापुरताच असतो. म्हणून उकरायचं नाही, मोजायचं, फोटो काढायचे, झाकायचं. आणि तुम्ही स्वतः कधी बाग खणताना हाड लागलं तर हात काढून घ्या आणि आधी पोलिसांना कळवा, किती जुनं आहे ते आपण ठरवायचं नाही.

गावच्या धर्मगुरूंना मी फोन केला. ते बूट घालून चिखलातून आले, टोपी काढून उभे राहिले आणि हळू आवाजात चार ओळींची प्रार्थना म्हणाले. नवरा काठी टेकत कुंपणापर्यंत आला होता. आम्ही कोणीच काही बोललो नाही.

रात्री अण्णांना सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, तिथं घर नको. ते म्हणाले, "इनामगावात तर घराच्या जमिनीतच लहान पोरं पुरलेली होती गं. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवलेले. आईबाप वरच झोपत असतील. आपली माणसं जवळ असावीत म्हणून." थोडं थांबून म्हणाले, "त्यांना हलवू नका म्हणजे झालं." त्या रात्री मी देवापाशी आणखी एक दिवा लावला.

15 तारखेला काउंटीच्या पुरातत्त्व अधिकारी येऊन दोन्ही चर बघून गेल्या. ही भेट झाल्याशिवाय चर बुजवता येत नाहीत, म्हणून ती तारीख काम सुरू व्हायच्या आधीच पक्की करून ठेवा. उघड्या चराभोवतीच्या कुंपणाचं भाडं रोज चढत असतं. कबरींवर जाड कापड अंथरून वर चाळलेली माती घातली आणि दुपारपर्यंत चर बुजले.

मग वाट बघणं. अहवालाचा मसुदा 20 जानेवारी 2023 ला आला आणि 16 फेब्रुवारीला पक्का झाला. त्यात दोन वाटा होत्या. घर आहे तिथंच ठेवलं तर परवाना घेऊन दक्षिण भागातल्या सगळ्या कबरी शास्त्रशुद्ध काढाव्या लागणार, हाडांच्या तज्ज्ञांकडून अभ्यास, मग पुन्हा दफन. कबरी किती निघतील ते आधी सांगता येत नाही, म्हणून खर्चाचा अंदाजही 9,000 ते 14,000 पौंड. किंवा घर सहा मीटर उत्तरेला सरकवायचं आणि फक्त खंदकाचा घराखाली येणारा भाग खणून नोंदवायचा.

त्या संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर दोन्ही नकाशे पसरले. नवरा म्हणाला, "घर सरकेल. ते कुठे सरकणार?" निर्णय तिथंच झाला.

तो अंमलात आणायला मात्र तीन महिने गेले. सहा मीटर हा किरकोळ बदल धरत नाहीत. नगररचना कायद्याच्या कलम 73 खाली नवा अर्ज, फी 234 पौंड. वास्तुविशारदाचे नव्याने नकाशे काढायचे 900. अर्ज 6 मार्चला, मंजुरी 22 मेला. या फेरीत एक गोष्ट वेळेवर लक्षात आली. घर सरकलं होतं, पण सांडपाण्याची नळी नकाशात अजून जुन्याच जागी, कुंपणाच्या कडेने जात होती. नळीसाठी मीटरभर खणावं लागतं, म्हणजे ती थेट कबरींतून गेली असती. पाणी, वीज, गटार, सगळ्यांचे मार्ग पुरातत्त्वाच्या नकाशावर ठेवून बघा. नुसतं घराचं चित्र बघून भागत नाही.

हे तीन महिने आम्हाला वाचवता आले असते, आणि हे लिहायला बसले ते मुख्यतः त्यासाठी. चाचणीचे चर परवानगीनंतरच खणावे असा नियम नाही. अर्जाच्या आधी, वास्तुविशारदाने पेन्सिल उचलायच्या आधी खणता येतात. आम्ही आधी घर काढलं, मग जमिनीला विचारलं. जमिनीला आधी विचारलं असतं तर 3,600 चा खर्च तोच राहिला असता. नकाशे, फी आणि नवऱ्याचा सोफ्यावरचा आणखी एक हिवाळा वाचला असता. जुन्या चर्चच्या शेजारी जागा घेत असाल, तर मालकाच्या परवानगीने खरेदीच्या आधीच चर खणून घ्यायचा विचार करा.

जून 2023 मध्ये खंदकाचं खोदकाम चार दिवसांत झालं, यंत्रासकट 4,700 पौंड अधिक व्हॅट. पाचव्या अटीची पूर्तता झाल्याची मंजुरी घ्यायची फी 116. ऑगस्टमध्ये पाया भरला. सोनं-चांदी काही निघालं नाही. निघालं असतं तर 1996 च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत मृत्युसमीक्षकाला कळवावं लागतं, त्याला इथं कॉरोनर म्हणतात. बाकी वस्तू कायद्याने जमीनमालकाच्या, म्हणजे आमच्या. त्या काउंटीच्या संग्रहाला देण्याच्या कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. सही करताना ते काजळीचं खापर ठेवून घ्यावं असं एकदा मनात आलं. पण ते बाकीच्यांबरोबर राहिलं तरच कोणाला काही सांगू शकेल, म्हणून दिलं.

शेवटचा अहवाल फेब्रुवारी 2024 मध्ये आला. तो यॉर्क विद्यापीठातल्या आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिसच्या संग्रहात जातो आणि कोणालाही वाचता येतो. मी अण्णांसाठी छापून घेतला. सहाव्या अटीच्या अर्जाची फी भरायला गेले तर 145 पौंड. 6 डिसेंबर 2023 पासून दर वाढले होते. सगळं धरून, व्हॅटसकट, पुरातत्त्वापायी बारा हजार पौंडांच्या थोडं वर गेलं. एवढी रक्कम बाजूला काढून ठेवलेली नव्हती; स्वयंपाकघराचं काम दोन वर्षं पुढे ढकललं आणि भरली.

एप्रिल 2024 मध्ये राहायला आलो. पहिल्या रात्री नवरा स्वतःच्या पायांनी, एकही पायरी न चढता, पलंगापर्यंत गेला.

कुंपणाजवळचा सहा मीटरांचा पट्टा आम्ही गवतच ठेवला आहे. तिथं कुदळ लावत नाही, गुलाबसुद्धा कुंड्यांत आहेत. 2025 चा वसंत आणि उन्हाळा इथं फार कोरडा गेला, जुलैपर्यंत बाग करपून पिवळी पडली. एका सकाळी चहा घेताना खिडकीतून बघते तर पिवळ्या गवतात एक हिरवी रेघ, दीड मीटर रुंद, घराच्या भिंतीपासून निघून कुंपणाकडे गेलेली. न खणलेला खंदक. त्याच्या भरावात ओल धरून राहते, म्हणून वरचं गवत हिरवं. मी फोटो काढून काउंटीच्या नोंदविभागाला पाठवला आणि अण्णांनाही. काउंटीकडून आभाराचं उत्तर आलं. अण्णांचा फोन आला, "कुंपणापलीकडे कुठवर जाते ती? जरा जाऊन बघ की."

चप्पल घालून मी दफनभूमीत गेले. रेघ कुंपणाखालून पलीकडे निघाली होती, थडग्यांच्या दोन ओळींमधून जात होती आणि चर्चच्या भिंतीच्या अलीकडे, मोठ्या झाडाच्या सावलीत दिसेनाशी झाली होती.